वडिलांच्या जागेवर उभ्या राहणाऱ्या मुलीला पत्र

सोलापूर

प्रिय बाळा,

तुझा मेसेज नीट वाचला. प्रभागातली जागा महिलांसाठी राखीव झाली, पक्षाची माणसं घरी येऊन गेली, काका ‘हो म्हणून टाक’ म्हणतात, आई काहीच बोलत नाही, आणि तू विचारतेस, ‘बाई, उभी राहू का?’ उत्तर आधी देते, म्हणजे पुढचं तू निवांत वाचशील. उभी राहा.

तुझ्या मनातली शंका मला कळते. बाबा अकाली गेले, लोक हळहळले, त्या हळहळीवर आपण निवडून यायचं, यात आपलं कर्तृत्व काय? हा प्रश्न तुला पडला याचं मला फार बरं वाटलं. वडिलांच्या फोटोखाली उभी राहणारी पुष्कळ मुलं मी पाहिली आहेत. त्यातल्या बऱ्याच जणांना हा प्रश्न पडलाच नाही, आणि पाच वर्षं ती फोटोखालीच बसून राहिली.

या निमित्ताने तुला एका बाईंबद्दल लिहावंसं वाटतं. त्यांचं नाव तुझं पाठ आहे, कारण स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकात तू ते घोकलं होतंस. जगातील पहिली महिला पंतप्रधान कोण? सिरिमावो भंडारनायके, श्रीलंका, १९६०. एका मार्काचा प्रश्न. राज्यशास्त्र शिकवताना मी वर्गात विचारायची, ‘पुढे काय झालं?’ तेव्हा मागच्या बाकापर्यंत शांतता असायची. ‘पहिली’ या शब्दापाशी सगळे थांबतात. तू थांबू नकोस, कारण त्या ज्या दारातून आत गेल्या त्याच दारात आज तू उभी आहेस.

त्यांचा जन्म १९१६ चा, मध्य श्रीलंकेतल्या रतवत्ते या बड्या जमीनदार घराण्यातला. घर बौद्ध, शिक्षण कोलंबोच्या कॅथलिक कॉन्व्हेंटमध्ये. १९४० साली सॉलोमन भंडारनायकेंशी लग्न झालं. ते ऑक्सफर्डला शिकलेले, राजकारणात मुरलेले. पुढे त्यांनी श्रीलंका फ्रीडम पार्टी काढली आणि १९५६ मध्ये ते पंतप्रधान झाले. २५ सप्टेंबर १९५९ ला त्यांच्या राहत्या घरी एका भिक्खूने त्यांच्यावर गोळ्या झाडल्या आणि दुसऱ्या दिवशी ते गेले. घरात तीन मुलं. पक्ष सैरभैर. पुढच्या वर्षीच्या निवडणुकीत सिरिमावो गावोगाव फिरल्या, सभांमध्ये नवऱ्याच्या भाषणांची ध्वनिमुद्रणं वाजवली जायची. विरोधक त्यांना ‘रडणारी विधवा’ म्हणून हिणवत. जुलै १९६० मध्ये पक्ष जिंकला. त्या स्वतः निवडणूक लढल्याच नव्हत्या. २१ जुलैला त्या पंतप्रधान झाल्या आणि त्यानंतर त्यांना सिनेटमध्ये, म्हणजे संसदेच्या वरच्या सभागृहात, घेण्यात आलं. आपल्याकडे इंदिराजी त्या पदावर आल्या जानेवारी १९६६ मध्ये, म्हणजे पाच वर्षांहून अधिक काळानंतर. इस्रायलच्या गोल्डा मेयर १९६९ मध्ये.

हे वाचून तू म्हणशील, म्हणजे सहानुभूतीच की. होय, सहानुभूतीच. पण ती दार उघडण्यापुरती होती. १९६२ च्या जानेवारीत लष्कर आणि पोलिसांतल्या काही अधिकाऱ्यांनी त्यांचं सरकार उलथवण्याचा कट केला तेव्हा सहानुभूती कामाला आली नाही. कट फसला, बाई जागेवर राहिल्या. आणि दार उघडण्याआधीचाही एक काळ होता, त्याबद्दल लोक बोलत नाहीत. लग्नानंतर लगेचच त्या लंका महिला समितीत काम करू लागल्या होत्या. खेड्यातल्या बायकांचं आरोग्य, शेती, घरचं उत्पन्न, अशी ती कामं. नवरा पंतप्रधान होण्याच्या कितीतरी आधीपासून त्या गावं ओळखत होत्या. ‘स्वयंपाकघरातून थेट पंतप्रधानपदी’ असं त्यांच्याबद्दल लिहिलं गेलं, ते मला कधीच पटलं नाही. बायकांनी बिनपगारी केलेलं काम मोजायचंच नाही असं ठरवलं, तरच असं लिहिता येतं.

म्हणून तुझ्या कर्तृत्वाचा हिशेब तूही नीट मांड. विडी कामगार बायकांच्या मुलांचे शिष्यवृत्तीचे अर्ज तू बारावीपासून भरून देते आहेस. कुणाच्या प्रॉव्हिडंट फंडाच्या कागदावर नाव एक आणि आधार कार्डावर दुसरं, म्हणून अडलेली पेन्शन सोडवण्यासाठी तू कचेरीच्या पायऱ्या झिजवल्या आहेस. पानं भिजवण्यापासून बंडलं बांधून कारखान्यात देईपर्यंत एका बाईचा दिवस कसा जातो हे तुला ठाऊक आहे. हे बाबांमुळे आलेलं नाही. प्रचारात ते सांगायला लाजू नकोस.

विधवा किंवा अनाथ लेक कारभारात उतरते याचं आपल्या मुलखाला तसंही नवल वाटू नये. ज्यांच्या नावाने आपलं विद्यापीठ आहे त्या अहिल्यादेवींनी नवरा गमावला, सासरे गमावले, मुलगा गमावला आणि १७६७ मध्ये माळव्याचा कारभार हाती घेतला. १७९५ पर्यंत तो सांभाळला. त्या जागेवर आल्या कशा हे आज कुणी विचारत नाही. घाट, विहिरी, बारवा, धर्मशाळा लोक दाखवतात.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसले त्या गोष्टीकडे येते.

सिरिमावोंना नवऱ्याकडून पक्ष मिळाला, नाव मिळालं, आणि त्याचबरोबर त्याचं एक वचन मिळालं. ते वचन होतं, बहुसंख्याकांची सिंहला हीच एकमेव राजभाषा. १९५६ ची निवडणूक भंडारनायके त्या घोषणेवर जिंकले होते. बाळा, यातली दुखरी गोष्ट अशी की याच माणसाने १९४४ मध्ये सिंहला आणि तमिळ या दोन्ही भाषांची बाजू घेतली होती. निवडणुकीच्या रेट्यात ती सुटली. सत्तेवर येताच कायदा झाला. मग तमिळ लोक खवळले तेव्हा १९५७ मध्ये त्यांनी तमिळ नेते चेल्वनायकम यांच्याशी समझोता केला, तमिळ भागांना काही अधिकार देऊ केले. भिक्खू आणि विरोधक रस्त्यावर आले आणि १९५८ मध्ये त्यांनी तो समझोता स्वतःच मोडला. त्या वर्षी दंगली झाल्या, माणसं मेली. म्हणजे नवरा वचन देऊन अडकला होता, मागे फिरायला बघत होता, आणि फिरता येत नव्हतं. अशा अर्धवट अवस्थेत तो मारला गेला.

बायकोने काय करायचं? नवऱ्याची डळमळ पुढे न्यायची की नवऱ्याची घोषणा? सिरिमावोंनी घोषणा उचलली. मेलेल्या माणसाची घोषणा उचलणं सोपं असतं, कारण त्याला मागे फिरावंसं वाटत होतं हे सांगायला तो नसतो. १ जानेवारी १९६१ पासून सरकारी कामकाज सिंहला भाषेत सुरू झालं. न्यायालयांतही सिंहला आणण्याचा कायदा झाला. देशातला किमान पाव हिस्सा तमिळ बोलणारा. कचेरीत वर्षानुवर्षं काम केलेल्या तमिळ कारकुनाला सिंहला परीक्षा द्या, नाहीतर बढती विसरा, असं सांगण्यात आलं. उत्तरेकडच्या तमिळबहुल जाफन्याला लोकांनी सरकारी कचेऱ्यांसमोर सत्याग्रह मांडला, आपल्या गांधीजींच्या पद्धतीने, जमिनीवर बसून. सरकारने आणीबाणी जाहीर केली, सैन्य धाडलं, तमिळ खासदारांना स्थानबद्ध केलं.

मी त्यांचा पुष्कळ आदर करते, तरी इथे त्यांना माफ करता येत नाही. जगात प्रथमच एका बाईच्या हाती एवढी सत्ता आली होती. ‘तुझा आवाज चालणार नाही’ हे ऐकून घेणं म्हणजे काय, ते बाईइतकं कुणाला ठाऊक असतं? ‘रडणारी विधवा’ ऐकून घेतलेल्या बाईंनी जाफन्यात बसलेल्या माणसांचं म्हणणं ऐकलं नाही. १९७२ च्या नव्या राज्यघटनेत सिंहला आणखी पक्की झाली, बौद्ध धर्माला अग्रस्थान मिळालं आणि अल्पसंख्याकांना जुन्या घटनेत असलेलं संरक्षणाचं कलम गेलं. विद्यापीठ प्रवेशाचे निकष असे बदलले की तमिळ मुलांना जास्त गुण मिळवूनही जागा मिळेना. १९७६ च्या मे महिन्यात तमिळ पक्षांनी वेगळ्या राष्ट्राचा ठराव केला. १९८३ ला युद्ध पेटलं ते २००९ पर्यंत चाललं. त्या युद्धाला एकट्या त्याच जबाबदार असं मी म्हणणार नाही, त्यांच्या आधीच्यांनी आणि नंतरच्यांनीही त्यात भर घातली. तमिळला राजभाषेचं स्थान मिळालं १९८७ मध्ये. तोवर फार उशीर झाला होता.

आता आपल्या गावाकडे बघ. सोलापूरचे ग्रामदैवत सिद्धरामेश्वर. गड्ड्याच्या यात्रेत मराठी घरातली पोरं पांढऱ्या बाराबंदीत नंदीध्वजामागे चालतात, आणि ज्यांच्यासाठी चालतात त्या शरणांनी वचनं लिहिली ती कन्नडमध्ये. पूर्व भागात विणकर आले ते तेलंगणातून, मिलच्या आणि मागाच्या कामासाठी, आणि आपली चादर देशभर गेली ती त्यांच्या हातातून. चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांसमोरून तू रोज जातेस. एकदा थांबून नावं वाच: मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्याला चौघांना एकाच दिवशी फाशी झाली. १९३० मध्ये या गावाने इंग्रजांना मार्शल लॉ पुकारायला लावला, तेव्हा आंदोलनाची भाषा कोणती असा वाद कुणी घातल्याचं मी वाचलेलं नाही. महापालिकेच्या शाळा मराठी आहेत, तेलुगू आहेत, कन्नड आहेत, उर्दू आहेत. भाषेच्या नावाने चांगल्या माणसांकडून काय होऊ शकतं ते श्रीलंकेत दिसतं, आणि भाषांनी शेजारी राहायचं ठरवलं तर काय होतं ते आपल्याकडे अजून बऱ्यापैकी दिसतं. ‘अजून’ म्हटलं ते जाणूनबुजून.

कारण बाबांचं एक वचन तुझ्याही वाट्याला आलं आहे. तुला माहीत आहे मी कशाबद्दल बोलते आहे. गेल्या वेळच्या प्रचारात त्यांनी कोपऱ्यावरच्या तेलुगू शाळेच्या जागेवर सभागृह बांधून देईन असं सांगितलं होतं. पट कमी झालाय, इमारत गळते, मुलं लांबच्या शाळेत जातील, असा हिशेब. प्रभागाच्या वरच्या बाजूच्या लोकांना हॉल हवा होता, लग्नकार्याला, हळदीकुंकवाला, आणि तिथून मतं आली. तुझे बाबा चांगले होते. मी त्यांना अनेक वर्षं ओळखत होते, रात्री-अपरात्री ते कुणासाठीही दवाखान्यात धावायचे. तरी ते वचन चुकीचं होतं, आणि शेवटच्या वर्षात ते त्यांना बोचत होतं असं मला वाटतं. फाइल पुढे सरकवायची घाई त्यांनी केली नाही. मी विचारलं तर विषय बदलायचे.

काका आता तुला सांगतील, पहिल्या सभेत जाहीर कर, बाबांचं स्वप्न पूर्ण करणार. टाळ्या पडतील. पण बाबांचं ते स्वप्न होतं की एका संध्याकाळी माईकवर निसटलेलं वाक्य, हे तू ठरवायचं आहेस. वारसा घ्यायचा म्हणजे सगळी थैली डोळे मिटून खांद्यावर टाकायची, असं नाही. घरात बस, बाबांच्या डायऱ्या काढ, दिलेली वचनं एका वहीत उतरवून घे. गटारीचं, बोळातल्या दिव्यांचं, पाण्याच्या वेळेचं, हॉलचं. प्रत्येकासमोर लिही, हे कुणाला हवं होतं आणि याची किंमत कोण देणार. हॉलची किंमत ज्या घरांनी द्यायची आहे त्या घरांतून आधी फिर. शाळेत उरलेली मुलं बहुतेक विडी वळणाऱ्या बायकांची आहेत. मूल लांबच्या शाळेत गेलं तर त्याला सोडायला-आणायला आईचा तास जातो, आणि तासामागे विड्या कमी होतात. हे गणित सभागृहाच्या आराखड्यात कुठेच दिसणार नाही.

मग हॉल रद्द? मी तसंही म्हणत नाही. कदाचित शाळेची दुरुस्ती होऊन वरच्या मजल्यावर हॉल होईल, कदाचित दुसरी जागा निघेल. इंजिनिअरला बोलाव, आयुक्तांकडे अर्ज कर, माहिती काढ. मात्र ‘बाबांनी सांगितलं होतं’ एवढ्या कारणासाठी ते करू नकोस. आणि बदल करशील तेव्हा बाबांचं नाव घेऊनच कर. त्यांनाही तो निर्णय जड जात होता हे लोकांना सांग. त्याने त्यांचा मान कमी होत नाही.

सिरिमावोंच्या कारकिर्दीतला आणखी एक करार मला वारंवार आठवतो. ३० ऑक्टोबर १९६४. दिल्लीत त्या आणि लालबहादूर शास्त्री बसले. प्रश्न होता चहाच्या मळ्यांत राबणाऱ्या तमिळ मजुरांचा. इंग्रजांनी त्यांच्या आजा-पणज्यांना तमिळनाडूतून नेलेलं. १९४८ मध्ये आधीच्या सरकारने कायदा करून त्यांना नागरिकत्वाबाहेर ठेवलेलं. एकूण ९,७५,००० माणसं. त्यातली ५,२५,००० भारताने घ्यायची, ३,००,००० तिथे नागरिक होणार, उरलेल्या १,५०,००० चं पुढे बघू. ते ‘पुढे’ उजाडलं १९७४ मध्ये, इंदिराजींबरोबर, आणि दोघींनी निम्मे निम्मे वाटून घेतले. दोन्ही बाजूंना वाटलं, जुनं भांडण सभ्यपणे मिटलं. मुत्सद्देगिरीच्या पुस्तकात तसंच लिहितात. मळ्यातल्या बाईला, जिने भारत कधी पाहिलाच नव्हता, कुणी विचारलं नाही. पाठीवर टोपली घेऊन चहाची पानं खुडणारी ती बाई आणि मांडीवर सूप घेऊन विडी वळणारी आपली अक्का यांच्यात मला फार अंतर दिसत नाही. दोघींचीही माणसं पोटासाठी परमुलखात आली. आपल्या अक्काचा आजा सोलापूरला आला तेव्हा इथे त्याच्याकडे कागद मागितले नाहीत, एवढाच फरक.

प्रभागातही असे करार होतात. रस्ता रुंद करायचा, टपऱ्या हलवायच्या, झोपडपट्टीचं पुनर्वसन. टेबलाभोवती सगळी समजूतदार माणसं असतात आणि सही होते. तू त्या टेबलाशी बसशील तेव्हा एकच बघ, ज्यांना हलवायचं आहे त्यांच्यातलं कुणी खोलीत आहे का. नसेल तर सही दुसऱ्या दिवशी कर. आकाश कोसळत नाही.

एवढं कठोर लिहून झाल्यावर त्यांची बाजूही सांगायला हवी, नाहीतर मी अन्याय करेन. १९६२ मध्ये चीनने आपल्यावर आक्रमण केलं त्यानंतर डिसेंबरात त्यांनी कोलंबोत सहा अलिप्त देशांची परिषद बोलावली, तोडगा तयार केला आणि तो घेऊन स्वतः पेकिंगला आणि दिल्लीला गेल्या. भारताने तो मानला, चीनने पुरता मानला नाही. यश आलं नाही, पण छोट्या देशाची पंतप्रधान दोन अवाढव्य देशांमध्ये उभी राहिली, हे धाडस होतं. १९७६ मध्ये अलिप्त राष्ट्रांची शिखर परिषद त्यांच्याच राजधानीत भरली. शाळा त्यांनी सरकारच्या ताब्यात आणल्या, चर्चची नाराजी पत्करली. तेल कंपन्यांना हात घातला म्हणून अमेरिकेने मदत थांबवली, तरी मागे हटल्या नाहीत.

आणि त्यांच्या घरातही एक ‘काका’ होते. नवऱ्याच्या नात्यातले फेलिक्स डायस भंडारनायके, वयाने तरुण, हुशार, अर्थमंत्री. सुरुवातीला लोक म्हणायचे, कारभार तेच चालवतात. १९६२ मध्ये त्यांनी रेशनच्या तांदळात कपात सुचवली, पक्षातच गहजब झाला आणि त्यांना अर्थखातं सोडावं लागलं. बाई राहिल्या. तुझ्या काकांबद्दल मला राग नाही. त्यांना महापालिकेची माहिती आहे, ती तू घे. पण अधिकाऱ्यांचे फोन तुझ्या मोबाइलवर यायला हवेत, सभेत तू बोलायला हवंस आणि लेटरहेडचं पॅड तुझ्या कपाटात, किल्ली तुझ्याकडे. ७४ व्या घटनादुरुस्तीने शहरांच्या कारभारात बायकांना एक तृतीयांश जागा मिळाल्या, महाराष्ट्राने २०११ मध्ये त्या निम्म्या केल्या, आणि अजूनही कित्येक प्रभागांत लोक ‘साहेब’ म्हणून नगरसेविकेच्या नवऱ्याला हाक मारतात. तुझ्या प्रभागात तसं झालं तर मला फार वाईट वाटेल.

१९७० ते ७७ हा त्यांचा दुसरा कार्यकाळ. त्याबद्दल फार लिहीत नाही. तरुणांचं बंड, मग टंचाई, तांदळाच्या आणि पावाच्या रांगा, आणि नव्या राज्यघटनेच्या आधाराने लांबवलेली मुदत. १९७७ ला लोकांनी पक्षाला १६८ पैकी ८ जागा दिल्या. १९८० मध्ये विरोधकांच्या सरकारने त्यांचे नागरी हक्क सात वर्षांसाठी काढून घेतले. संपलं असं सगळ्यांना वाटलं. त्या संपल्या नाहीत. १९९४ मध्ये मुलगी चंद्रिका राष्ट्राध्यक्ष झाली आणि आई तिसऱ्यांदा पंतप्रधान. १० ऑक्टोबर २००० ला, निवडणुकीच्याच दिवशी, मत देऊन घरी परतताना त्या गेल्या.

आई-वडील पंतप्रधान, मुलगी राष्ट्राध्यक्ष, मुलगाही संसदेचा सभापती. घराणेशाहीचा आरोप तुझ्यावरही होईल, आणि तो खोटा नाही. त्यावर चिडू नकोस. त्याला उत्तर देण्याचा एकच मार्ग मला दिसतो: तुझ्यानंतर त्या जागेवर तुझ्या घरची नसलेली मुलगी उभी राहिली पाहिजे. सिरिमावोंच्या वारशाची ही बाजू मला सगळ्यात लंगडी वाटते. जगातली पहिली महिला पंतप्रधान देणाऱ्या देशात २०२० च्या संसदेत २२५ पैकी १२ बायका होत्या. साठ वर्षांनी बारा. स्थानिक संस्थांत बायकांसाठी २५ टक्के जागा ठेवून निवडणूक झाली तीही २०१८ मध्ये. भंडारनायके घराण्याबाहेरची बाई पंतप्रधान व्हायला २०२४ उजाडलं. हरिणी अमरसूर्या, विद्यापीठात शिकवणाऱ्या. त्यांची निवड झाली तेव्हा मी मिठाई आणली, शेजारच्यांना कारण कळेना.

म्हणून निवडून आलीस की पहिल्या वर्षापासून दोन-तीन मुली बरोबर घेऊन फिर. बजेट वाचायला शिकव. प्रश्नोत्तरात काय विचारायचं, ठराव कसा लिहायचा, टेंडर नोटीस कुठे लागते, हे सगळं त्यांना दाखव. त्यातली एक तरी पूर्व भागातली असू दे.

आता कामाचं. उमेदवारी अर्जाबरोबरचं शपथपत्र काकांनी भरलं तरी सहीआधी प्रत्येक ओळ स्वतः वाच. बाबांच्या नावावरची जमीन वारसाने कुणाकडे किती आली ते नीट लिहिलं गेलं पाहिजे. निवडणूक खर्चाचं बँक खातं वेगळं काढ आणि रोजचा खर्च त्याच रात्री लिही, निकालानंतर ३० दिवसांत हिशेब द्यायचा असतो आणि तेव्हा कुणाला काही आठवत नाही. पाण्याबद्दल काहीही बोलायच्या आधी उजनीच्या लाइनची आणि आपल्या टाकीची माहिती पाणीपुरवठा विभागातून लेखी घे. चार-चार, पाच-पाच दिवसांनी पाणी येणाऱ्या गावात ‘रोज पाणी देऊ’ असं सगळेच म्हणतात, तू म्हणू नकोस. आपल्या बोळात कोणत्या दिवशी किती वाजता येईल ते आधी सांगायची व्यवस्था करेन, एवढं म्हण, तेवढं तुझ्या हातात असेल.

पहिलं पत्रक चार भाषांत काढ. बाबांचा फोटो असू दे, तुझ्या फोटोपेक्षा मोठा नको. मराठी मसुदा मला पाठव, मी तपासून देते. कन्नडसाठी आपल्या कॉलेजातल्या सरांना विचारलंय, ते तयार आहेत. उर्दू तुझ्या मैत्रिणीच्या वडिलांकडून करून घे. तेलुगू मात्र छापखान्यावर सोडू नकोस. शाळेसमोर राहणाऱ्या अक्कांकडे ते स्वतः घेऊन जा, त्यांच्यासमोर बसून मोठ्याने वाचायला सांग, आणि त्या जिथे अडतील ते वाक्य बदल. हॉलबद्दल त्या विचारतीलच. तेव्हा काकांना बरोबर नेऊ नकोस.

आईला माझा नमस्कार सांग.

तुझ्या,
बाई